अपूर्ण हस्तलिखित आणि पूर्ण लेखक : डग्लस अ‍ॅडम्स यांच्या 'द सॅमन ऑफ डाउट'चे वाचन

प्रस्तावना

विनोदी लेखकाला मिळणारे प्रेम आणि त्याच्या वाट्याला येणारी समीक्षा यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते. वाचक त्याला घरचा माणूस मानतात; समीक्षक मात्र त्याच्याकडे फुरसतीच्या वेळी पाहतात. असा लेखक अकाली गेला, तर त्याच्या टेबलावर राहिलेले कागदही वाचायला मिळावेत, अशी इच्छा चाहत्यांच्या मनात निर्माण होते. या इच्छेतून मरणोत्तर संग्रह जन्माला येतात. त्यांचे स्वागत बहुधा गहिवरून होते आणि त्या गहिवरात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. लेखकाने स्वतः छापावयास दिले नसते असे लेखन वाचताना त्याला त्याच्या पूर्ण केलेल्या लेखनाचेच निकष लावावयाचे काय? आणि ते लावावयाचे नसतील, तर मग कोणते?

इंग्रजी विनोदकार डग्लस अ‍ॅडम्स यांच्या 'द सॅमन ऑफ डाउट' या संग्रहाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे. हा संग्रह निवडण्यास एक विशेष कारण आहे. दुसऱ्या एका थोर विनोदकाराच्या अपूर्ण कादंबरीला अ‍ॅडम्स यांनी लिहिलेली प्रस्तावना याच संग्रहात समाविष्ट आहे. अपूर्ण विनोदी लेखन कसे वाचावे याचे मार्गदर्शन त्यांनी आपल्याही नकळत स्वतःच्या वाचकांसाठी करून ठेवले आहे.

लेखक आणि संग्रह

डग्लस अ‍ॅडम्स यांचा जन्म ११ मार्च १९५२ रोजी केंब्रिज येथे झाला. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वरून 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही त्यांची श्रुतिका प्रसारित होऊ लागली आणि पुढील वर्षी तिचे कादंबरीरूप प्रसिद्ध झाले. हमरस्ता बांधण्यासाठी एका सामान्य इंग्रज माणसाचे घर पाडले जाणार असते आणि त्याच दिवशी अंतराळातील हमरस्त्यासाठी सगळी पृथ्वीच पाडली जाते, या कल्पनेपासून सुरू झालेली ही मालिका १९९२ मधील 'मोस्टली हार्मलेस'पर्यंत पाच कादंबऱ्यांची झाली. याखेरीज डर्क जेंटली या विक्षिप्त गुप्तहेराच्या दोन कादंबऱ्या (१९८७ व १९८८) आणि प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डीन यांच्यासह केलेल्या प्रवासांवरील 'लास्ट चान्स टू सी' (१९९०) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. ११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात व्यायामशाळेत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४९ होते.

'मोस्टली हार्मलेस'नंतरच्या नऊ वर्षांत त्यांची एकही नवी कादंबरी आली नव्हती. डर्क जेंटलीच्या तिसऱ्या कादंबरीची घोषणा झालेली होती, मुदती ठरत होत्या आणि टळत होत्या. मृत्यूनंतर त्यांच्या संगणकांवरील धारिका एकत्र करण्यात आल्या आणि संपादक पीटर गझार्डी यांनी त्यांतून निवड करून २००२ मध्ये हा संग्रह सिद्ध केला. त्यास स्टीफन फ्राय यांची प्रस्तावना आहे आणि शेवटी रिचर्ड डॉकिन्स यांचा शोकलेख आहे. मधला भाग अ‍ॅडम्स यांच्याच एका कादंबरीच्या शीर्षकावरून जीवन, विश्व आणि इतर सर्व काही अशा तीन विभागांत मांडला आहे. नियतकालिकांतील लेख, भाषणे, मुलाखती, पत्रे आणि काही कथा यांच्यानंतर अखेरीस अपूर्ण कादंबरीची प्रकरणे येतात. संग्रहाला नाव मात्र या अपूर्ण कादंबरीचेच दिलेले आहे. आयरिश पुराणकथेत ज्ञानाचा सॅमन मासा आहे. तो जो प्रथम चाखतो त्याला जगाचे ज्ञान होते. अ‍ॅडम्स यांनी ज्ञानाच्या जागी संशय ठेवला. संग्रहाच्या अंतरंगास हे नाव किती अनुरूप आहे, हे पुढे दिसून येईल.

वुडहाउस यांची भिंत

या संग्रहाच्या वाचनाची किल्ली 'सनसेट अ‍ॅट ब्लँडिंग्ज'च्या प्रस्तावनेत सापडते. पी. जी. वुडहाउस यांचे १९७५ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा ही कादंबरी अर्धवट होती. रिचर्ड उसबोर्न यांच्या टिपणांसह ती १९७७ मध्ये प्रकाशित झाली. पुढे तिच्या नव्या आवृत्तीस अ‍ॅडम्स यांनी प्रस्तावना लिहिली. वुडहाउस हे त्यांचे दैवत होते. वुडहाउस यांची थोरवी विषयात किंवा जीवनदर्शनात शोधू नये, ती भाषेच्या संगीतात आहे, असे अ‍ॅडम्स यांचे म्हणणे. गंभीर आशय नसणे हे त्यांच्या दृष्टीने उणेपण नव्हे. बाखच्या संगीताला आपण त्याचा 'संदेश' विचारीत नाही.

या प्रस्तावनेत वुडहाउस यांच्या लेखनपद्धतीचे जे वर्णन येते ते महत्त्वाचे आहे. लिहिलेली पाने ते खोलीच्या भिंतीवर टाचून ठेवीत. जे पान चांगले जमले असेल ते वर, ज्यावर अद्याप काम व्हावयाचे ते खाली. पुनर्लेखन होत जाई तसतशी पाने भिंतीवर वर सरकत आणि सगळी पाने वरच्या पट्टीपर्यंत पोहोचली म्हणजे पुस्तक पूर्ण झाले असे मानले जाई. अपूर्ण कादंबरीतील बरीच पाने अद्याप भिंतीच्या खालच्या भागातच होती, असे अ‍ॅडम्स सुचवितात. उपमा जागोजागी तात्पुरत्या आहेत, एखादे वाक्य केवळ जागा धरून ठेवण्यासाठी आले आहे. तरीही ते वाचावे; कारण पूर्ण झालेल्या कलाकृतीत जे कष्ट दिसत नाहीत ते येथे दिसतात. भव्य मंदिराच्या छतावरील चित्र पाहणारा वेगळा आणि ते रंगविले जात असताना रंगाची भांडी आत-बाहेर नेली जाताना पाहणारा वेगळा. दोघांनाही काही मिळते, पण एकच गोष्ट मिळत नाही.

अ‍ॅडम्स यांनी हे लिहिले तेव्हा आपल्याही पुस्तकावर हा निकष लवकरच लागू होईल, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते. पण तो लागू होतो आणि त्या निकषावर पाहिले असता 'द सॅमन ऑफ डाउट'चे दोन स्पष्ट भाग पडतात. लेख व भाषणे यांतील बहुतेक पाने भिंतीच्या वरच्या पट्टीला टेकलेली आहेत. कादंबरीची पाने मात्र निरनिराळ्या उंचीवर लटकलेली आहेत. वाचकाची अपेक्षा नेमकी याच्या उलट असते. तो कादंबरीसाठी पुस्तक हाती घेतो आणि लेखांकडे भरतीचा मजकूर म्हणून पाहतो.

किस्सा आणि त्याची घडण

लेखविभागातील एक किस्सा अ‍ॅडम्स यांच्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. १९७६ मध्ये केंब्रिज रेल्वे स्थानकावर ते गाडीची वाट पाहत होते. वर्तमानपत्र, कॉफी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन ते टेबलाशी बसले. समोर बसलेल्या अनोळखी माणसाने शांतपणे तो पुडा फोडून एक बिस्कीट खाल्ले. इंग्रजी सभ्यतेच्या सगळ्या शिकवणीत अशा प्रसंगाला उत्तर नाही. तेव्हा त्यांनीही मुकाट्याने एक बिस्कीट घेतले. मग त्याने एक, यांनी एक. पुडा संपला, तो माणूस निघून गेला. गाडी आल्यावर यांनी वर्तमानपत्र उचलले, तर त्याखाली त्यांचा स्वतःचा पुडा जसाच्या तसा होता.

सामान्य विनोदकार येथे थांबला असता. अ‍ॅडम्स यांना यापुढचे टोक दिसते. इंग्लंडात कुठेतरी एक माणूस हीच हकीकत इतकी वर्षे सांगत असणार, फक्त तिचा शेवट त्याला ठाऊक नाही. या एका वाक्यासरशी विनोदाची दिशा बदलते. आतापर्यंत ज्याच्या उद्धटपणावर वाचक मनातून चिडलेला असतो तो माणूस एकाएकी सज्जन ठरतो आणि ज्याची बाजू घेतली होती तोच आगंतुक निघतो. आपल्याला सत्य ठाऊक आहे, ही खात्री वर्तमानपत्राच्या एका पानाइतकी पातळ असते, हे या हसण्यातून उमजते.

हाच किस्सा 'सो लाँग, अँड थँक्स फॉर ऑल द फिश' (१९८४) या कादंबरीत आर्थर डेंटच्या तोंडी येऊन गेलेला आहे. कादंबरीत तो प्रेमकथेचा भाग आहे. आर्थर फेनचर्चला तो सांगतो आणि सांगता सांगता तिच्या जवळ येतो. संग्रहातील रूप भाषणातले आहे. तेथे श्रोत्यांना हसविणे हेच प्रयोजन असल्यामुळे वाक्यांची लांबी, विराम आणि पुनरुक्ती यांची योजना निराळी आहे. दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचली म्हणजे सहज सुचल्यासारखी वाटणारी गोष्ट वर्षानुवर्षे सांगून, घासून, पुसून सिद्ध झालेली असते हे ध्यानात येते. विनोदातील सहजता ही श्रमाची शेवटची पायरी असते. ही गोष्ट संग्रहाशिवाय इतक्या स्पष्टपणे दिसली नसती, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

नाक, गंध आणि गेंडा

विखुरलेले लेखन एकत्र आले म्हणजे लेखकाच्या मनातील काही अंतःसूत्रे दृष्टीस पडतात. अ‍ॅडम्स यांच्या बाबतीत असे एक सूत्र गंधाचे आहे. संग्रहात त्यांनी स्वतःच्या नाकावर एक छोटा लेख लिहिला आहे. नाक भले मोठे, पण हवा आत घेण्याचे आपले मूळ काम ते करीत नाही, अशी त्यांची तक्रार. हा आत्मोपहास वरवर हलकाफुलका आहे. परंतु 'लास्ट चान्स टू सी'मध्ये आफ्रिकेतील उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यापाशी उभे असताना हाच लेखक गंधाचा विचार फार गंभीरपणे करतो. माणूस जग डोळ्यांनी पाहतो, गेंडा ते नाकाने जाणतो. त्यामुळे एकाच माळावर उभे असलेले दोन प्राणी प्रत्यक्षात दोन निराळ्या जगांत उभे असतात. १९९४ मध्ये गेंड्यांच्या संरक्षणासाठी निधी जमविणाऱ्या मोहिमेबरोबर अ‍ॅडम्स किलिमांजारोच्या चढणीवर गेले आणि काही काळ गेंड्याचा अवजड पोशाखही त्यांनी अंगावर चढविला. त्या प्रवासाचा वृत्तान्त या संग्रहात आहे. आणि अपूर्ण कादंबरीतील एक प्रकरण डेस्मंड नावाच्या गेंड्याच्या दृष्टीने, खरे तर त्याच्या घ्राणेंद्रियाने, लिहिलेले आहे.

स्वतःच्या निकामी नाकावरचा विनोद, माळावरील चिंतन, पोशाखातील घाम आणि कादंबरीतील कल्पित गेंडा हा एकच प्रवास आहे. माणसाला स्वतःच्या इंद्रियांच्या कैदेतून बाहेर पडता येईल काय, हा त्यामागील प्रश्न होय. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याच्या उपजातीतील अखेरचा नर २०१८ मध्ये मरण पावला आणि केवळ दोन माद्या उरल्या. त्यामुळे आजच्या वाचकाला डेस्मंडचे प्रकरण केवळ विनोदी वाटत नाही. गंधाने जाणले जाणारे एक सबंध जग नाहीसे होत असल्याची जाणीव त्यात मिसळते.

संशयाचे व्याख्यान

सप्टेंबर १९९८ मध्ये केंब्रिज येथील एका परिषदेत अ‍ॅडम्स यांनी उत्स्फूर्तपणे केलेले भाषण हा संग्रहातील वैचारिकदृष्ट्या सर्वांत भरीव भाग आहे. 'कृत्रिम ईश्वर असतो काय' असा त्याचा विषय. अ‍ॅडम्स कट्टर निरीश्वरवादी होते. डॉकिन्स यांनी २००६ मधील आपला 'द गॉड डिल्यूजन' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. या भाषणातील डबक्याचा दृष्टान्त पुढे फार प्रसिद्ध झाला. खड्ड्यात साचलेले पाणी एके सकाळी जागे होऊन विचार करते, की हा खड्डा आपल्या मापाचा किती तंतोतंत आहे. अर्थात तो आपल्यासाठीच घडविलेला असणार. ऊन वाढत जाते, पाणी आटत जाते, पण आपले काही वाईट होणार नाही या विश्वासाला ते अखेरपर्यंत चिकटून राहते.

हा दृष्टान्त वादविवादात शस्त्र म्हणून वापरला जातो. त्यामुळे भाषणाचा उत्तरार्ध अनेकदा दुर्लक्षित राहतो, आणि अ‍ॅडम्स यांचे वेगळेपण नेमके तेथे आहे. बाली बेटावरील भातशेतीचे पाणीवाटप शतकानुशतके मंदिरांच्या धार्मिक दिनदर्शिकेनुसार चालत आले होते. आधुनिक शेतीपद्धती आणताना ती व्यवस्था बाजूला सारली गेली, कीड वाढली, उत्पादन बिघडले. आणि पुढील अभ्यासातून जुनी व्यवस्थाच अधिक योग्य होती असे दिसून आले. यावरून अ‍ॅडम्स असे सुचवितात, की ईश्वर माणसाने रचलेला असला तरी त्या रचनेत पिढ्यांचे व्यावहारिक शहाणपण साठविलेले असू शकते. ते समजून घेण्यापूर्वी फेकून देणे हा उतावळेपणा होय. श्रद्धेवर हसणारा लेखक त्याच भाषणात स्वतःच्या अश्रद्धेलाही प्रश्न विचारतो. ज्ञानाऐवजी संशयाचा मासा हाती धरणारे शीर्षक येथे सार्थ ठरते.

अपूर्ण कादंबरी

आता कादंबरीविषयी. डर्क जेंटलीच्या खात्यात कोण जाणे कोठून पैसे जमा होऊ लागतात. काम काय करावयाचे हे कोणी सांगत नाही. तेव्हा पैशाचे चीज करावे म्हणून तो रस्त्यावरील एका वाटसरूचा पाठलाग सुरू करतो. दुसरीकडे एक ग्राहक त्याच्याकडे मांजराचा शोध सोपविते. मांजर हरवलेले नाही, त्याचा मागचा अर्धा भाग तेवढा हरवला आहे; आणि उरलेल्या अर्ध्या मांजराला त्याचे काही वाटत नाही. या दोन कल्पना अस्सल अ‍ॅडम्स-शैलीच्या आहेत. परंतु त्या एकमेकींशी कोठे जोडल्या जाणार होत्या, डेस्मंडचे प्रकरण त्यात कोठे बसणार होते, हे उपलब्ध प्रकरणांतून कळत नाही. प्रस्तुत संहिता एकाच मसुद्यातून आलेली नसून अनेक मसुद्यांतून निवडून जोडलेली आहे, हे संपादकांनी प्रांजळपणे सांगितले आहे. मात्र वाचनाच्या ओघात हे सांधे जाणवत नाहीत. लेखकाचा क्रम आणि संपादकाचा क्रम यांतील भेद वाचकाच्या नजरेआड होतो. हे या संग्रहाचे खरे वैगुण्य मानावे लागेल.

अ‍ॅडम्स यांचा स्वभाव लक्षात घेता हे वैगुण्य अधिकच बोचते. मुदत चुकविण्याबद्दल ते ख्यातनाम होते. १९८४ मधील कादंबरी पूर्ण करून घेण्यासाठी संपादक सॉनी मेहता यांना त्यांच्यासह हॉटेलात मुक्काम ठोकावा लागला होता. या दिरंगाईचे आळस हे एकच स्पष्टीकरण दिले जाते. पण बिस्किटांच्या किस्स्याची घडण पाहिली म्हणजे दुसरे स्पष्टीकरणही संभवते. वाक्य वरच्या पट्टीला पोहोचल्याखेरीज ते हातावेगळे करणे या लेखकाला जमत नव्हते. शिवाय डर्कसाठी सुचलेल्या कल्पना डर्कच्या कादंबरीत बसत नाहीत, त्या कदाचित 'हिचहायकर'च्या सहाव्या भागाला योग्य ठरतील, असे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले होते. 'मोस्टली हार्मलेस'चा शेवट फार काळोखा झाला, मालिका अधिक प्रसन्न सुरावर संपावी, अशीही त्यांची इच्छा होती. म्हणजे ही कादंबरी केवळ अपूर्ण नव्हती, तर ती हीच कादंबरी राहणार की नाही हेसुद्धा ठरलेले नव्हते.

मराठी वाचकाला अशा वाचनाचा अनुभव अपरिचित नाही. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेले आणि 'राजसंन्यास' अपूर्ण राहिले. त्या नाटकाचे प्रवेश मराठी रसिकांनी आवडीने वाचले. परंतु 'एकच प्याला'च्या पंक्तीस बसवून त्याचे मोजमाप करणे योग्य ठरत नाही. अपूर्ण कृती लेखकाच्या सामर्थ्याची साक्ष देते, त्याच्या निर्णयाची नव्हे.

प्रेमाचा अधिकार

तर मग हे छापावयास हवे होते काय? अ‍ॅडम्स यांनी ही प्रकरणे या अवस्थेत बाहेर जाऊ दिली नसती, असे त्यांच्या लेखनपद्धतीवरून अनुमान करता येते. चाहत्यांचे प्रेम हे छापण्यास पुरेसे कारण नाही. प्रेमाने अधिकार प्राप्त होत नाही. परंतु स्वतः अ‍ॅडम्स यांनी वुडहाउस यांच्या अपूर्ण कादंबरीचे स्वागत केले होते, ते प्रेमापोटी कमी आणि शिकण्याच्या ओढीने अधिक. या कारणाने छापलेले अपूर्ण लेखन समर्थनीय ठरते, मात्र त्यासाठी ते अपूर्ण म्हणूनच वाचकापुढे ठेवले पाहिजे. मसुदे वेगवेगळे ठेवून, त्यांतील फरक दाखवून ही प्रकरणे दिली असती तर भिंतीवर कोणते पान किती उंचीवर होते हे वाचकाला पाहता आले असते. अखंड कादंबरीचा आभास निर्माण केल्यामुळे वाचक नकळत तिच्याकडून अखंड कादंबरीचे समाधान मागतो आणि निराश होतो. ही निराशा मग लेखकाच्या नावावर जमा होते.

पुढील काळात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे दिली गेली. २००९ मध्ये ओवेन कोल्फर यांनी अ‍ॅडम्स यांच्या पत्नी जेन बेल्सन यांच्या संमतीने 'अँड अनदर थिंग' हा 'हिचहायकर'चा सहावा भाग लिहिला. हे अपुरेपण दुसऱ्याच्या लेखणीने भरून काढणे झाले. २०२३ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात जतन केलेल्या अ‍ॅडम्स यांच्या कागदपत्रांतून केव्हिन जॉन डेव्हिस यांनी '४२' हा ग्रंथ संपादित केला. त्यात टिपणे आणि कच्चे मसुदे कागदपत्रे म्हणूनच समोर येतात. या दुसऱ्या मार्गात लेखकाला पूर्ण करण्याचा मोह नाही, म्हणून तो अधिक प्रामाणिक वाटतो.

निष्कर्ष

'द सॅमन ऑफ डाउट' हा संग्रह त्याच्या नावातील कादंबरीमुळे टिकेल असे वाटत नाही. तो टिकेल तो तिच्या अलीकडच्या पानांमुळे. नाकावरील छोटा लेख, स्थानकावरील बिस्किटे, डबक्याचा दृष्टान्त आणि वुडहाउस यांच्यावरील प्रस्तावना या लेखनात अ‍ॅडम्स पूर्णपणे भेटतात. ज्याला आपण निश्चित सत्य समजतो त्याच्याखाली आणखी एक पुडा दडलेला असू शकतो, हा त्यांच्या विनोदाचा गाभा या पानांत वारंवार प्रत्ययास येतो आणि त्यासाठी कादंबरी पूर्ण होण्याची आवश्यकता भासत नाही.

अपूर्ण प्रकरणे मात्र वेगळ्या हेतूने वाचावीत. अर्ध्या मांजराचा उरलेला अर्धा शोधण्यासाठी ती उघडली तर हाती काही लागणार नाही. परंतु हसविणारे वाक्य किती वेळा खालून वर सरकावे लागते, हे पाहण्यासाठी ती उघडली तर विनोदी लेखकाच्या श्रमांविषयी वाचकाचा आदर वाढल्याखेरीज राहत नाही. विनोदकाराला केवळ प्रेम देऊन त्याची समीक्षा टाळणाऱ्या परंपरेत एवढे घडले तरी या संग्रहाचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.